टुणटुण शाळेतला भालेवाला

दुर्गा पुंगाटीला सहसा कशाची किळस येत नाही. शाळेच्या कोठीत वटवाघळांनी घाण केली, तर ती पदर खोचून स्वतः झाडून काढते. पोरांच्या डोक्यातल्या चिघळलेल्या जखमा धुते. तांदळात मेलेला उंदीर सापडला, तर शेपटीला धरून बाहेर भिरकावते आणि हात धुऊन वर्गात जाते. एकदा रानातला कसला तरी कंद खाऊन आलेल्या पोराची उलटी तिनं ओंजळीत झेलली होती, कारण जवळ दुसरं काहीच नव्हतं. असं असूनही मागची तीन वर्षं तिला ज्या गोष्टीनं मळमळतं, ती गोष्ट स्वच्छ आहे, रंगीत आहे, तिला कसला वासही नाही, आणि ती मुलांना फुकट मिळते.

येरमागुडा हे भामरागडच्या पलीकडचं, दोन नाल्यांच्या मधलं गाव. शाळा आठवीपर्यंत. सहावी, सातवी, आठवी मिळून एकतीस मुलं, आणि या तीन वर्गांना दोनच शिक्षक. मुख्याध्यापक गुणवंतराव चिमूरचे, भाषा आणि इतिहास त्यांच्याकडे. गणित-विज्ञान दुर्गाकडे.

दुर्गा स्वतः माडिया आदिवासी. तिचं माहेर नदीच्या पल्याड. आश्रमशाळेत टाकलं तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. मास्तर 'बस' म्हणाले की ती उभी राहायची आणि मार खायची. तरी शिकली. बारावीनंतर डी.एड.साठी चंद्रपूरला गेली. वसतिगृहातल्या मुली विचारायच्या, "तुमच्याकडे अजून झाडावर राहतात का गं?" ती हसून सोडून द्यायची. स्नेहसंमेलनात तिला 'आदिवासी नृत्या'त सगळ्यांच्या पुढं उभं केलं. सलवारीवर पानं बांधली, डोक्यात कोंबडीची रंगवलेली पिसं खोवली, हातात थर्माकोलचा भाला दिला आणि 'हुर्र, हुर्र' ओरडायला सांगितलं. तिच्या गावात सणाला नाच होतो, पण असं कोणी ओरडत नाही. ती ओरडली. पहिलं बक्षीस आलं. त्यात मिळालेला स्टीलचा डबा तिनं कधीच वापरला नाही.

कोरोना सरून शाळा सुरळीत झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षी येरमागुड्याला बारा टॅब आले. त्यांच्या मागोमाग मोबाइलवर एक यादी आली: 'सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य परस्परसंवादी शैक्षणिक संकेतस्थळे.' एकूण त्रेचाळीस. गुणवंतरावांनी ती वाचलीसुद्धा नाही. दुर्गा मात्र हरखली. तिच्या प्रयोगशाळेत एक तराजू, दोन परीक्षानळ्या आणि एक होकायंत्र होतं, आणि होकायंत्राची सुई अडकलेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती रोज सकाळी एक टॅब घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या उंचवट्यावर जाऊन बसायची, कारण गावात धड नेटवर्क फक्त तिथंच यायचं; बाकीकडं ते रडतखडत चालायचं. ओळीनं एकेक वेबसाइट उघडून वहीत नोंद करायची.

पहिल्या दोन दिवसांतच तिचा उत्साह उतरला. निम्म्या वेबसाइट उघडतच नव्हत्या. एका ठिकाणी अपूर्णांकाचा भागाकार होता आणि त्याच्या खाली अर्धी उघडी बाई 'एकटे आहात का?' म्हणून विचारत होती. दुसरीकडे कोनांचे प्रकार सोडवता सोडवता सडलेल्या नखांचं चित्र मोठं होत होत सगळा पडदा व्यापून बसलं, आणि ते बंद करायला गेलं की पत्त्यांचा जुगार उघडायचा. एक वेबसाइट मराठीत होती म्हणे. तिथं लिहिलं होतं, 'सिमेंट हे मोठ्या वनस्पतीमध्ये तयार केले जाते.' कोरपन्याकडचे सिमेंटचे कारखाने दुर्गानं डोळ्यांनी पाहिले होते. इंग्रजीतल्या 'प्लांट'ची, म्हणजे कारखान्याची, वनस्पती कोणी केली आणि केल्यावर कोणी एकदा तरी वाचली का, याचा विचार करून तिचं डोकं उठलं. आपल्या पोरांपुढं कोणीतरी उष्टं-खरकटं ताट सरकवतंय आणि वर 'फुकट आहे ना' म्हणतंय, असं तिला वाटलं. सातव्या दिवशी तिनं वहीत नुसत्या फुल्या मारायला सुरुवात केली.

अठ्ठावीस नंबरला एक चांगली निघाली मात्र. तिच्यात सेल, तारा, दिवे होते. बोटानं तार ओढून जोडली की दिवा लागायचा, चुकीची जोडली की सेल पेट घ्यायचा. जाहिरात नाही, नाव-गाव विचारणं नाही, आणि एकदा उतरवून घेतली की नेटवर्कशिवायही चालायची. दुर्गा ऊन चढेपर्यंत तिथंच दिवे लावत बसली होती. हे ज्यानं केलं त्याचा पोरांवर जीव असला पाहिजे, असं तिच्या मनात आलं. शाळा सुरू झाल्यावर पोरांनी त्या खेळाचा नुसता फडशा पाडला. सातवीतल्या इतवारीनं तिसऱ्याच दिवशी तीन दिवे असे जोडून दाखवले, की एक विझवला तरी दोन चालू राहायचे. "बाई, आमच्या गल्लीचा एक लाइट गेला का सगळेच जातात. आमच्या इथी उलटं जोडलं हाय," ती म्हणाली.

पण हे सुख महिनाभरच टिकलं. वरून सांगणं आलं, की यापुढं त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नकोत, एकच वापरायची: 'टुणटुण शाळा.' कुठल्याशा संस्थेनं ती बनवली होती आणि दर आठवड्याला कोणत्या शाळेनं ती किती मिनिटं वापरली, याचा तक्ता निघणार होता. तक्त्यात मागं पडलेल्या शाळा लाल रंगात. दिव्यांच्या खेळाची मिनिटं त्यात धरली जाणार नव्हती.

संस्थेचा समन्वयक प्रणित चंद्रपूरहून मोटारसायकलनं आला. पंचविशीतला, हसरा, बोलायला गोड. त्यानं सगळ्या मुलांची नावं घातली, सगळ्यांना एकच पासवर्ड दिला आणि पालकांचे मोबाइल नंबर मागितले.

"नंबर कशाले पायजे?" दुर्गानं विचारलं.

"प्रगती कळवायला, मॅडम. बाकी सगळं फ्री आहे. एक पैसा लागत नाही."

गुणवंतरावांनी हजेरीपटामागची नंबरांची यादी त्याच्या हातात दिली. दुर्गा गप्प बसली. पुढं या गप्प बसण्याची आठवण तिला बरेचदा आली.

टुणटुण शाळेत एक गुबगुबीत ससा होता. उत्तर बरोबर आलं की तो टुणकन उडी मारायचा आणि चांदण्या पडायच्या. चुकलं की डोळे चोळत रडायचा. पहिल्या आठवड्यात पोरांना मजा वाटली. दुसऱ्या आठवड्यात 'आपले लोक, आपली घरे' नावाचा धडा उघडला. खाली चार चित्रं: टाय लावलेला माणूस, फेटेवाला शेतकरी, जाळं घेतलेला कोळी, आणि चौथा काळाकुट्ट, कमरेला पानं, डोक्याला पिसं, हातात भाला, डोळे वटारलेले, तोंड उघडं. वर चार चौकोन: शहर, गाव, समुद्रकिनारा, जंगल. प्रत्येकाला त्याच्या घरी पोचवायचं.

इतवारीनं कोळ्याला समुद्रावर नेलं. ससा उडाला. मग टायवाल्याकडं पाहिलं, शेतकऱ्याकडं पाहिलं आणि शेतकरी उचलून जंगलात ठेवला. तिचा बाप जंगू जंगलालगतच धान लावायचा आणि फेटा नसला तरी डोक्याला टॉवेल बांधायचाच. ससा रडायला लागला. 'अरेरे! पुन्हा प्रयत्न कर.' तिनं टायवाला जंगलात नेऊन पाहिला, कारण वनखात्याचे साहेब येतात. ससा पुन्हा रडला. आता ती चौथ्या चित्रावर वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

"बाई, हा कोण हाय?"

दुर्गा जवळ गेली. तिनं चित्र पाहिलं. डी.एड.च्या स्नेहसंमेलनातली पिसं जशीच्या तशी तिथं होती. 

"याले मी कुठीच पाह्यलं नाई," इतवारी म्हणाली. "इथी तर असा कोणी नाई. आलापल्लीले गेल्तो तवा तिथी पण नव्हता. मंग हा शहरात राहत असन." आणि तिनं तो भालेवाला उचलून शहराच्या चौकोनात, उंच इमारतींमध्ये नेऊन ठेवला.

ससा ढसाढसा रडला. चौकोन लाल झाला. इशारा म्हणून जंगलाचा चौकोन लुकलुकू लागला. इतवारीनं पुन्हा त्याला शहरातच नेलं. सात वेळा नेलं. बाकीची पोरं भोवती गोळा झाली. कोणी हसलं, कोणी म्हणालं, "ठेव ना व जंगलात, चांदण्या भेटतात." तिनं मान हलवली. "जंगलात नाई हाय, तर काऊन ठेवू?"

दुर्गानं टॅब बंद करायला लावले आणि पोरांना बाहेर खेळायला पाठवलं. मग एकटीनं तो धडा पुढं पाहिला. पुढं अशीच आणखी तेरा चित्रं होती. त्यात जंगलातल्या लोकांची 'घरं' पाल्याची, 'खाणं' कच्चं मांस आणि 'छंद' शिकार. तिला ओकारी आली. खरोखरची, घशाशी. ती व्हरांड्यात जाऊन पाणी प्यायली. मग वेबसाइटवर 'आपले मत कळवा' अशी जागा होती, तिथं तिनं सविस्तर लिहिलं. लगेच उत्तर आलं: 'धन्यवाद! आपल्याला टुणटुण शाळा आवडली याचा आम्हाला आनंद आहे.' आणि खाली ससा हात हलवत होता.

आठ-दहा दिवसांनी इतवारीचा बाप शाळेत आला. जंगूभाऊ शांत माणूस. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धान, मधल्या काळात पंप-मोटारी दुरुस्त करायचा. आज मात्र तो घुश्शात होता.

"बाई, मले एका बाईचा फोन आला. दोनदा. हिंदीत बोलते. म्हणे तुमची मुलगी जंगल या विषयात लय कच्ची हाय. क्लास लावा म्हणे आमचा."

"काय म्हणाली?"

"जंगलात कच्ची. माझी पोरगी!" जंगूभाऊनं कपाळावर हात मारला. "अळंबी कोणची खायची, कोणची नाई, हे गावातल्या बायका तिले विचारतात. अन् ते फोनवरची बाई मले सांगून राह्यली का जंगलात कच्ची हाय. तिले माझा नंबर कोणं देल्ला?"

दुर्गानं खरं ते सांगितलं. नंबर आम्हीच दिले. जंगूभाऊ चपला पायात सरकवून निघून गेला. चार दिवसांत आणखी नऊ घरांत तसेच फोन आले. एका आजीला तर वाटलं, की सरकारी दवाखान्यातून नातवाच्या आजाराचं कळवताहेत. ती रडत शाळेत आली. 'फ्री'चा अर्थ दुर्गाला आता नीट समजला. अंगावर कोणाचा तरी चिकट हात फिरावा तसं तिला झालं.

मग प्रणित पुन्हा आला. येरमागुडा तक्त्यात लाल होतं आणि 'आपले लोक, आपली घरे' हा धडा सातवीत अडकून पडला होता. त्याला एक छोटा व्हिडिओ हवा होता: दुर्गम भागातली मुलगी स्वतः धडा पूर्ण करते. त्यानं नेमकी इतवारीला निवडली, कारण ती चुणचुणीत दिसायची.

दुर्गानं त्याला बाजूला घेऊन चित्राबद्दल सांगितलं. तो मनापासून ओशाळला. "मॅडम, कंटेंट आमच्याकडं नसतो. ती टीम वेगळी. मी कळवतो. आज फक्त हे एवढं होऊ द्या."

गुणवंतराव मागून दबक्या आवाजात म्हणाले, "होऊ दे व दुर्गा. एक चित्र सरकवायचं हाय. त्याच्यासाठी शाळेचं नाव काऊन खराब करतं? पट कमी हाय आपला. उद्या शाळाच बंद करतो म्हणतील."

इतवारी टॅबपुढं बसली. प्रणितनं मोबाइल धरला. कोळी समुद्रावर, शेतकरी गावात, टायवाला शहरात. ससा तीनदा उडाला. चौथा माणूस तिनं उचलला, अर्ध्यावर आणला आणि बोट तिथंच थांबवलं. सगळे वाट पाहू लागले. प्रणितचा हात अवघडला. गुणवंतराव खाकरले. आणि दुर्गानं, जिला त्या चित्रानं ओकारी आली होती, तिनं मागून वाकून इतवारीच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि भालेवाल्याला ओढत नेऊन जंगलात सोडलं.

चांदण्यांचा पाऊस पडला. ससा सात-आठ उड्या मारून नाचला. टाळ्यांचा आवाज आला. प्रणित म्हणाला, "वा, बेस्ट!"

 इतवारीनं आपलं बोट फ्रॉकला पुसलं. एकदा, दोनदा, मग जोरात, चिखल निघावा तसं. दुर्गाच्या डोळ्यांसमोर हे झालं. त्या दिवशी तिला सशाचा राग आला नाही की प्रणितचा नाही. स्वतःचा हात तिला नकोसा झाला. जेवताना तिनं घास उचलला आणि पुन्हा ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं इतवारीला गाठलं. "इतवारी, काल मी चुकलो. तुझं उत्तर बरोबर होतं." त्या भागात बायकाही 'मी चुकलो' असंच म्हणतात. इतवारीनं विचारलं, "मंग तुम्ही काऊन केलं, बाई?"  "भेलो मी," एवढंच दुर्गा म्हणाली. इतवारीनं थोडा विचार केला, मान डोलावली आणि खेळायला पळाली. तेव्हापासून दुर्गानं वर्गात टुणटुण शाळा उघडली नाही. टॅबवर फक्त दिवे आणि तारा.

त्या वर्षी भाद्रपदात पूर आला. भामरागडच्या पुलावरून पाणी गेलं, दोन्ही नाले भरले, टॉवर बंद पडला आणि विजेची लाइन गेली ती एकोणीस दिवस आलीच नाही. दुर्गा गावातच भाड्यानं राहायची, म्हणून शाळा भरत होती. खडू आणि फळा, बाकी काही नाही. गुणवंतराव घरच्या कामासाठी चिमूरला गेलेले, ते पाण्यापलीकडं अडकले.

रस्ता खुला झाला आणि नेटवर्क आलं, तेव्हा मोबाइलवर अभिनंदनाच्या निरोपांचा ढीग पडला होता. येरमागुडा शाळा तालुक्यात पहिली! पुराच्या काळातही अभ्यास न थांबवणारी शाळा! दुर्गाला वाटलं, काहीतरी चुकून झालं. तिनं तक्ता उघडला. लाइन नव्हती त्या एकोणीस दिवसांत एकतीसच्या एकतीस मुलांनी रोज चाळीस-चाळीस मिनिटं अभ्यास केला होता. डोमा नावाचा सहावीतला पोरगा तर त्या काळात तापानं फणफणून अंथरुणावर होता. त्याच्या नावावर शंभर टक्के.

गुणवंतराव परतले तेव्हा तिनं सरळ विचारलं. त्यांनी लपवलं नाही.

"मीच केलं. पुतण्या अन् त्याचे दोस्त बसवले रोज. पासवर्ड सगळ्याइचा एकच हाय."

"पोरांच्या नावानं दुसऱ्या पोरांनी?"

"मंग काय करू? वरून फोन येऊन राह्यले होते. म्हटलं, पुलावर पाणी हाय. तर म्हणे, पाण्याचा अन् लॉगिनचा काय संबंध? दुर्गा, माह्या नोकरीचे दोन वर्षं राह्यले. शाळा बंद झाली तं पोरं कुठी जातीन? मी काही चोरी नाई केली."

म्हाताऱ्या माणसाचा चेहरा उतरला होता. दुर्गाला त्यांची कीव आली, आणि कीव येऊनही मळमळ गेली नाही. तिनं तक्त्यात इतवारीचं नाव शोधलं. 'आपले लोक, आपली घरे: शंभर पैकी शंभर.' चिमुरातल्या कुठल्याशा पोरानं इतवारीच्या नावानं सगळीच्या सगळी चित्रं जिथं हवी तिथं ठेवली होती.

दिवाळीनंतर सत्कार ठरला. शाळेच्या अंगणात मांडव पडला, खुर्च्या आल्या, वरचे एक साहेब आले, संस्थेची दोन माणसं आली, प्रणित आला. गावातली माणसं मागं बसली. भाषणं झाली. मग एकेका मुलाचं नाव घेऊन प्रमाणपत्र देऊ लागले. मुलं यायची, वाकून नमस्कार करायची, कागद घेऊन जायची. इतवारीचं नाव आलं. तिनं कागद घेतला आणि जागेवरच उभी राहून वाचू लागली. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला.

"जा बाळ, बस," साहेब म्हणाले.

"हे माझं नाई, साहेब."

"अगं तुझंच आहे. नाव बघ."

"नाव माझं हाय. पण मी नाई केलं. तवा लाइनच नव्हती. टॅब बंद होते." तिनं कागदावर बोट ठेवलं. "अन् हे जे लिवलं हाय, वनजीवनात प्रावीण्य, त्याच्यात तो भालेवाला हाय. त्याले मी जंगलात नाई ठेवलं."

साहेब हसले. पुढच्या खुर्च्याही हसल्या. गुणवंतराव लगबगीनं उठले, "घाबरली पोरगी. पहिल्यांदाच स्टेजवर आली ना." कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. मागं बसलेला जंगूभाऊ उठून उभा राहिला होता. इतवारी मात्र टाळ्यांकडं पाहत नव्हती. ती दुर्गाकडं पाहत होती.

दुर्गा माइककडं गेली नाही. जागेवरूनच, वर्गात बोलते त्या आवाजात बोलली.

"ती खरं सांगून राह्यली. हिनं केलं नाई. या एकतीसपैकी कोणीच केलं नाई. एकोणीस दिवस इथं लाइन नव्हती, हे बिजलीवाल्यांना विचारा. आणि आधी जो व्हिडिओ काढून नेला, त्यात ते चित्र जंगलात मी ठेवलं. हिचं बोट धरून. ती नाही म्हणत होती." तिनं मागं बसलेल्या गावाकडं हात केला. "तो माणूस आमच्यात कुठंच नाही, साहेब. आणि जंगलातल्या पोरीला तो जंगलात ठेवल्याबद्दल तुम्ही सर्टिफिकेट देताय. मला त्याची किळस येते."

 साहेबांनी घड्याळ पाहिलं, "बघू, चौकशी करू," म्हणाले आणि उरलेली प्रमाणपत्रं न वाटताच समोसे आले. इतवारीनं आपला कागद टेबलावर ठेवला. त्याच्यावर कोणीतरी चटणीची वाटी ठेवली.

पंधरा दिवसांनी दुर्गाला कारणे दाखवा नोटीस आली: वरिष्ठांसमोर असभ्य वर्तन, संस्थेची बदनामी. खोट्या मिनिटांबद्दल तीत एक अक्षर नव्हतं. तिनं दोन पानी उत्तर लिहिलं. त्यात गुणवंतरावांचं नाव घातलं नाही, फक्त तारखा लिहिल्या आणि वीज नव्हती त्याचा दाखला जोडला. पुढं फारसं काही झालं नाही. एक वेतनवाढ अडली, तीही वर्षभरानं सुटली. गुणवंतराव मात्र दुखावले. निवृत्तीपर्यंत त्यांनी तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. जाताना एवढंच म्हणाले, "तू बरोबर होती, पण त्यानं कोणाचं भलं झालं सांग." 

संस्थेचं वार्षिक पुस्तक टपालानं शाळेत आलं. गुळगुळीत कागद. बाविसाव्या पानावर इतवारीचा मोठा फोटो होता, प्रमाणपत्र हातात धरून वाचतानाचा. खाली छापलं होतं, 'महापुरातही तेवत राहिलेली ज्ञानज्योत.' दुर्गानं ते पान जंगूभाऊला दाखवलं. त्यानं पाहिलं आणि शिवी हासडली. एरवी बायकांसमोर तो कधी शिवी देत नाही. मग त्यानं तेवढं पान फाडून घेतलं. "पोरीचा फोटो त्याइच्याकडे काऊन ठेवू," म्हणाला. उरलेलं पुस्तक कोठीत गेलं.

इतवारी आठवी पास होऊन भामरागडच्या वसतिगृहात गेली. दहावीला आहे आता. विज्ञानात चांगली आहे, मराठीच्या शुद्धलेखनात मार खाते.

यंदा जूनमध्ये प्रणितचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी. आवाजात खरी खुशी होती. "मॅडम, तुमचं मत मी वरपर्यंत लावून धरलं होतं. बदललं बघा चित्र! आत्ताच उघडून बघा."

दुर्गा टाकीजवळ गेली, उघडून पाहिलं. पानं काढून त्या माणसाला निळा शर्ट घातला होता. पिसं दोनच ठेवली होती. डोळे वटारलेले नव्हते, उलट तो हसत होता. हातात भाला तसाच होता.

"भाला आहे अजून," ती म्हणाली.

"हो मॅडम, ती चर्चा झाली आमच्याकडं. पण भालाही काढला, तर मुलांना कळणार कसं, हा आदिवासी आहे म्हणून?"

"प्रणितभाऊ, मी इतके वर्षं तुमच्याशी बोलून राह्यलो. माझ्या हातात कधी भाला पाह्यला? मग मी कोण आहे, हे तुम्हाले कसं कळलं?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग तो मध्येच थांबला. "तसं नाही मॅडम," प्रणित म्हणाला.  दुर्गानं फोन बंद केला, घसा खाकरून बाजूच्या गवतात थुंकली आणि शाळेकडं चालू लागली. सहावीला नवीन आलेली पोरं दारात खोळंबली होती, आणि त्यांच्यातल्या दोघांनी तोवर टॅबचं कपाट उघडून चार्जरच्या सगळ्या तारा बाहेर काढल्या होत्या.